‘टॉप गिअर’चा भारत विशेष भाग: प्रेक्षकांची मतं, तक्रारी आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘टॉप गिअर’ या बीबीसीच्या मोटारींवरच्या टीव्ही कार्यक्रमाचा भारतात चित्रित झालेला भाग अजूनही कुठे ना कुठे पाहिला जातो आणि पाहून झाला की तेच ते प्रश्न येतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे येऊन गेला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हा भाग नेमका कोणता? कधी दाखवला होता?

२८ डिसेंबर २०११, बीबीसी टू, नाताळच्या सुट्टीतला दीड तासाचा विशेष भाग. जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे हे तिघे सूत्रसंचालक मुंबईतून तीन जुन्या गाड्या घेऊन निघतात आणि जयपूर, दिल्ली करत हिमालयात पोहोचतात. निमित्त असं की ब्रिटनला भारताशी व्यापार वाढवायचा आहे, तेव्हा हे तिघे आपल्या परीने ‘मदत’ करणार. मदतीचं मातेरं होणार हे पहिल्या मिनिटापासून ठरलेलं असतं. कार्यक्रमाची घडीच तशी आहे.

मूळ कार्यक्रम १९७७ सालचा. तेव्हा तो गाड्यांची माहिती देणारा सरळसाधा कार्यक्रम होता. २००२ मध्ये त्याचं रूप पालटलं आणि तीन मित्रांची थट्टामस्करी हाच त्याचा गाभा झाला. भारताचा भाग या दुसऱ्या काळातला आहे. गाडीची माहिती मिळेल म्हणून पाहायला बसलात तर निराशा होईल.

२. कोणत्या गाड्या होत्या? त्यांना ‘ब्रिटिश’ म्हणावं का?

क्लार्कसनकडे जॅग्वार एक्सजेएस, मेकडे रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो आणि हॅमंडकडे जुन्या घडणीची मिनी कूपर.

तिन्ही गाड्या ब्रिटनमध्ये बनल्या, पण २०११ मध्ये तिन्ही नावांचे मालक परदेशी होते. मिनी आणि रोल्स-रॉइस मोटार ही नावं जर्मनीच्या बीएमडब्ल्यूकडे आणि जॅग्वार २००८ पासून टाटा मोटर्सकडे. टाटांचं मुख्यालय बॉम्बे हाऊस मुंबईतच, फोर्टात आहे. म्हणजे ज्या शहरातून हे तिघे ‘भारतीयांना ब्रिटिश माल विकायला’ निघाले, त्याच शहरात त्यांच्यातल्या एका गाडीच्या कंपनीचे मालक बसलेले होते. भारतीय प्रेक्षकांनी सगळ्यात जास्त वेळा बोलून दाखवलेला मुद्दा हाच, आणि आमच्या मते या भागावरची सर्वांत चपखल टीकाही हीच. अपमान झाला की नाही यावर वाद घालता येतो, इथे वादाला जागाच नाही.

३. प्रेक्षक नेमके कशावर चिडले?

भारतीय बाजूने आलेल्या आक्षेपांमध्ये कपडे, रेल्वे, खाणं, शौचालयं आणि इतिहास यांच्यावरच्या टोमण्यांचा उल्लेख होता. ठळक प्रसंग तीन.

पहिला जॅग्वारच्या डिकीवर बसवलेल्या कमोडचा. भारतात येणाऱ्या प्रत्येकाचं पोट बिघडतं, म्हणून ही गाडी भारतासाठी अगदी योग्य, अशा अर्थाचं वाक्य क्लार्कसनने टाकलं आणि ती गाडी झोपडवस्तीच्या आसपासही फिरवली. दुसरा रेल्वेच्या डब्यांवर लावलेल्या फलकांचा (प्रश्न ४). तिसरा दिल्लीतल्या मेजवानीचा. ब्रिटिश वस्तूंच्या प्रचारासाठी पाहुणे बोलावलेले असताना क्लार्कसनने पँटला इस्त्री करणारं यंत्र दाखवायचं म्हणून भरसभेत पँट उतरवली.

यांतला कमोडचा विनोद सर्वाधिक बोचला, आणि त्याला कारण होतं. २०११ च्या जनगणनेत देशातल्या फक्त ४६.९ टक्के घरांच्या आवारात शौचालय होतं. ज्या वस्तीत बायकांना पहाटे अंधारात बाहेर जावं लागतं, तिथे मोटारीवर कमोड मिरवणं ही थट्टा पाहुण्याच्या नाजूक पोटाची की यजमानाच्या गैरसोयीची? ज्याला पहिलं वाटलं तो हसला, ज्याला दुसरं वाटलं तो चिडला. या भागावरचे बहुतेक मतभेद फिरून याच प्रश्नाशी येतात, की हसं नेमकं कोणाचं होतंय.

४. रेल्वेवरच्या फलकांचा विनोद मला कळलाच नाही. त्यात वाईट काय होतं?

मराठीत तो कळणार नाही, कारण सगळा खेळ रोमन अक्षरांचा आहे.

फलकावर ब्रिटिश आयटी तुमच्या कंपनीसाठी चांगलं आहे, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं. फलक दोन डब्यांवर मिळून लावलेला. मधे फाटला तेव्हा ‘ब्रिटिश’ या शब्दातली शेवटची दोन रोमन अक्षरं दुसऱ्या डब्यावर गेली आणि पुढच्या ‘आयटी’च्या दोन अक्षरांना चिकटली. चार अक्षरांचा जो शब्द झाला तो विष्ठेसाठीचा इंग्रजी अपशब्द. दुसऱ्या फलकावर इंग्लिश मफिन खा असं होतं, त्याचं शेपूट तुटलं आणि उरलेला शब्द स्त्रीच्या अवयवाची शिवी झाला. देवनागरीत हेच फलक लिहिले असते तर फाटून ‘श आयटी’ उरलं असतं आणि कोणी मान वळवूनही पाहिलं नसतं.

फलक चुकून फाटला का, असं पुष्कळजण विचारतात. दोन डब्यांच्या मधल्या जोडावरून कापड ताणून बांधलं की ते फाटणारच. गाडी सुटताना जोडातला ढिलेपणा ताणला जातो, वळणावर डब्यांचे कोपरे एका बाजूला जवळ येतात आणि दुसऱ्या बाजूला लांब जातात. हे रेल्वे यार्डातला कोणीही कामगार सांगेल. आणि फाटायची जागा दोन्ही वेळा बरोबर शिवी तयार होईल अशीच यावी, हा योगायोग नव्हे. हा प्रसंग लिहून बेतलेला आहे असंच धरून चाला. अधिक प्रश्न १० मध्ये.

५. डबेवाल्यांच्या प्रसंगात त्यांचा अपमान झाला का?

मुंबईतल्या प्रेक्षकांकडून येणारा हा पहिला प्रश्न. आमचं उत्तर: नाही, उलट त्या प्रसंगात डबेवालेच जिंकतात. डबे लोकलने पोहोचवण्यापेक्षा आमच्या गाड्यांनी लवकर पोहोचतील, असा दावा करून तिघे मुंबईच्या रस्त्यांवर उतरतात आणि दाव्याचा फज्जा उडतो.

इथे खरी तक्रार करायची तर वेगळी करावी. डबेवाल्यांची यंत्रणा कशी चालते हे दाखवायला फार कमी वेळ दिला, आणि गाडीने हरायचं कारणही त्यामुळे प्रेक्षकाला नीट कळत नाही. लोकल जोरात पळते एवढंच कारण नाही. मुद्दा वर्गवारीचा आहे.

डब्याच्या झाकणावर रंगाने खूण असते. नेहमी दिलं जाणारं उदाहरण घेऊ: मधे ठळक ‘३’, कडेला ‘९ ईएक्स १२’, दुसरीकडे ‘ई’ आणि ‘व्हीएलपी’. व्हीएलपी म्हणजे विलेपार्ले, जिथून डबा गाडीत चढला. ‘ई’ म्हणजे घरून डबा उचलणारा. ‘३’ म्हणजे उतरण्याचा भाग, नरिमन पॉइंट. ‘९’ हा तिथे पोहोचवणाऱ्याचा क्रमांक, ‘ईएक्स’ म्हणजे एक्स्प्रेस टॉवर्स आणि ‘१२’ म्हणजे मजला. नाव नाही, पत्ता नाही, फोन नंबर नाही. प्रत्येक माणसाला खुणेतला फक्त आपल्यापुरता तुकडा वाचायचा असतो. सकाळी नऊच्या सुमारास घरून उचललेला डबा स्टेशनावर त्या खुणेप्रमाणे लावला जातो, पाटीत चढतो, मालडब्यातून जातो, उतरल्यावर पुन्हा लावला जातो आणि साडेबारा-एकच्या आत टेबलावर असतो. मधल्या स्टेशनांवर गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही, तेवढ्यात साठ-सत्तर किलोची पाटी आत जायला हवी.

आता हेच मोटारीने करा. बोरिवली ते चर्चगेट हे जेमतेम ३४ किलोमीटरचं अंतर जलद लोकल तासाभराच्या आत कापते. मोटारीला सकाळच्या गर्दीत किती वेळ लागेल ते मुंबईकराला सांगायला नको. त्यात एका मोटारीला दहा इमारतींपुढे थांबायचं, गाडी लावायला जागा शोधायची आणि लिफ्टने वर जायचं. मोटार सिग्नलवर हरण्याआधी इथेच हरते.

एक संदर्भ बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. प्रिन्स चार्ल्स यांनी २००३ मध्ये चर्चगेटला येऊन डबेवाल्यांची भेट घेतली होती आणि २००५ मध्ये त्यांच्या लग्नाला दोन डबेवाले आमंत्रणावरून लंडनला गेले होते. ब्रिटिश प्रेक्षकाला डबेवाला अगदीच अनोळखी नव्हता.

६. एकूण किती तक्रारी आल्या?

सुरुवातीच्या बातम्यांत बीबीसीकडे २३ तक्रारी आल्याचं म्हटलं होतं. भारतीय उच्चायुक्तालयाच्या पत्राची (प्रश्न ७) बातमी जानेवारी २०१२ मध्ये पसरल्यावर आकडा वाढला. पण ‘लाखो भारतीयांनी तक्रार केली’ असं जे फिरतं त्याला आधार नाही.

तुलनेसाठी: याच क्लार्कसनने त्याच्या महिनाभर आधी, ३० नोव्हेंबर २०११ रोजी बीबीसीच्या ‘द वन शो’मध्ये संपकरी सरकारी कर्मचाऱ्यांना गोळ्या घालायला हव्यात असं थट्टेत म्हटलं, तेव्हा ३० हजारांहून अधिक तक्रारी आल्या होत्या. आकड्यावरून काय काढता येतं आणि काय नाही, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

७. भारतीय उच्चायुक्तालयाने काय म्हटलं? परवानगी देताना त्यांना हे माहीत नव्हतं का?

लंडनमधल्या उच्चायुक्तालयाने बीबीसीला पत्र लिहून कार्यक्रमात हलके टोमणे, अभिरुचीहीन विनोद आणि सांस्कृतिक जाणिवेचा अभाव असल्याचं म्हटलं. पण पत्रातला वजनदार मुद्दा दुखावलेल्या भावनांचा नव्हता. तो होता कराराचा: चित्रीकरणाला मदत मागताना जे सांगितलंत ते पाळलं नाहीत. मदत मागताना हा गाड्यांचा हलकाफुलका प्रवासपट असेल, त्यात सुंदर निसर्ग, गजबजलेली शहरं, स्थानिक रंगत आणि भारतातली मोटार-संस्कृती दिसेल, अशी कल्पना दिली होती.

अर्जात लिहिलेलं सगळं पडद्यावर होतंच, असं बीबीसीच्या बाजूने म्हणता येतं. निसर्ग आहे, गर्दी आहे, लोकांशी गप्पा आहेत. अर्जात नव्हता तो कमोड. परदेशी माहितीपट किंवा टीव्ही कार्यक्रमासाठी परवानगी तेव्हा भारतीय वकिलातीमार्फत घ्यावी लागे आणि त्यात विषय, जागा, माणसं, सामान यांचा तपशील द्यावा लागे. विनोदाचा सूर कसा असेल हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. गोची तिथेच झाली.

लेबर पक्षाचे तेव्हाचे खासदार कीथ वाझ यांनीही बीबीसीने माफी मागावी अशी मागणी केली होती. वाझ यांचे आईवडील मूळचे गोव्याचे.

८. बीबीसीने माफी मागितली का? मेक्सिकोची मागितली होती ना?

भारताच्या भागाबद्दल बीबीसीने माफी मागितली नाही, बचाव केला. भूमिका थोडक्यात अशी: देश आहे तसा, त्याच्या गुणदोषांसह दाखवणं वेगळं आणि त्याचा अपमान करणं वेगळं, आणि विनोद झाला तो सूत्रसंचालकांवर, भारतीयांवर नव्हे.

मेक्सिकोची गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते. ३० जानेवारी २०११ च्या भागात मास्त्रेता या मेक्सिकन स्पोर्ट्स कारवर बोलताना तिघांनी मेक्सिकन माणूस आळशी वगैरे बडबड केली आणि वर त्या देशाचे लंडनमधले राजदूत टीव्हीसमोर झोपलेले असतील, म्हणून तक्रार येणार नाही, असंही म्हटलं. राजदूतांनी तक्रार केली. बीबीसीने माफी मागितली ती राजदूतांवरच्या शेरेबाजीपुरती. राष्ट्रांच्या ठरीव प्रतिमांवर विनोद करणं हा ब्रिटिश विनोदाचा भागच आहे, असं म्हणत बाकीच्याचा बचावच केला.

म्हणजे एका व्यक्तीवर बोट ठेवलं तर माफी, आणि अख्ख्या देशावर ठेवलं तर ती थट्टा. भारताच्या भागात कुठल्या अधिकाऱ्याचं नाव घेऊन टोमणा मारला नव्हता, त्यामुळे तीच फूटपट्टी लावली की माफीची वेळ येत नाही. ही फूटपट्टी आम्हाला पटत नाही, पण ती दोन्हीकडे सारखीच लावली होती हे मान्य करायला हवं.

९. तक्रारी जास्त आल्या की कार्यक्रम दोषी ठरतो का?

नाही. ब्रिटनमध्ये प्रसारणावर देखरेख करणारी ऑफकॉम ही संस्था तक्रारींची संख्या नव्हे, नियमांचा भंग झाला का ते पाहते.

‘द वन शो’वर ३० हजारांहून अधिक लोक चिडले, पण ऑफकॉमला त्यात नियमभंग दिसला नाही. उलट २०१४ च्या ‘टॉप गिअर’च्या ब्रह्मदेश विशेष भागात आशियाई माणसासाठी वापरला जाणारा एक हीन शब्द पुलाच्या उताराशी श्लेष करून वापरला होता. ऑफकॉमकडे त्याबद्दल फक्त दोन तक्रारी गेल्या, आणि जुलै २०१४ मध्ये निर्णय आला: नियमभंग झाला, शब्द जाणूनबुजून वापरला.

फरक कशामुळे? ब्रह्मदेशच्या प्रसंगात नेमका एक शब्द, नेमका क्षण आणि विशिष्ट लोकांविषयीचा हीन अर्थ दाखवता आला. ‘एकूण सूर अपमानकारक होता’ ही तक्रार कितीही खरी असली तरी नियमाच्या चौकटीत धरायला कठीण. भारताच्या भागावरचे बरेच आक्षेप सुराचे होते. तक्रार लिहायची असेल तर प्रश्न १७ वाचा.

१०. सगळं ठरवून केलेलं होतं का?

मोठे प्रसंग ठरवून, मधल्या गप्पा बऱ्याच अंशी उत्स्फूर्त. ओळखायचं कसं? कॅमेरा बघा. एखादी ‘अचानक’ घडलेली गोष्ट समोरून, बाजूने आणि वरून अशा तीन कोनांतून स्वच्छ दिसत असेल तर कॅमेरे आधीपासून तिथे होते. गाडी बंद पडल्यावर चित्र हलतंय, आवाज गाडीतल्या माइकचा आहे आणि दृश्य मधेच तुटतंय, तर ते बहुधा खरंच घडलेलं.

ठरवून केलं म्हणून खोटं, असं मात्र नाही. मुंबईची गर्दी कोणी पैसे देऊन जमवली नव्हती.

११. गाड्या खरंच बंद पडत होत्या की तेही नाटक?

कॅमेऱ्यामागे काय झालं ते सोडा. या तीन गाड्या भारतात चालवल्या तर काय होईल हे तंत्राच्या आधारे सांगता येतं.

सिल्व्हर शॅडोला पावणेसात लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन आणि दोन टनांहून जास्त वजन. इंजिनाची फार काळजी नको, डोकेदुखी ब्रेकची. ब्रेक आणि मागचं सस्पेन्शन उच्च दाबाच्या हायड्रॉलिक यंत्रणेवर चालतं, दाब सुमारे २,५०० पीएसआयपर्यंत (पौंड प्रति चौरस इंच) जातो. त्यात आरआर ३६३ हेच तेल घालावं लागतं. कोपऱ्यावरच्या दुकानातलं साधं ब्रेक ऑइल घातलं की रबरी सील खराब होतात, मग गळती, मग डॅशबोर्डवर लाल दिवा. घाटात तो दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची. पुढे रेटायची नाही.

मिनीचं दुखणं उंचीचं. तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, चेंबरमध्येच (तळाच्या तेलाच्या भांड्यात) असतो आणि दोघांना एकच तेल. चेंबर रस्त्यापासून वीतभरही वर नाही. आपल्याकडच्या गतिरोधकावर चेंबर घासला आणि फुटला तर इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींचं तेल एकदम जातं. गतिरोधक तिरपा ओलांडायचा, एका वेळी एकच चाक चढेल असा. शिवाय १९९६ पूर्वीच्या मिनीत रेडिएटर पुढे नसून बाजूला, चाकाच्या पोकळीकडे असतो. चालत्या गाडीत चालतं, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापते. हीटर पूर्ण उघडला तर थोडी उष्णता निघून जाते. मे महिन्यात हा उपाय कसा वाटेल ते सांगायला नको.

जॅग्वार तिघांत सर्वांत निवांत, फक्त तिचं नाक लांब आणि खाली. वळणाच्या उतारावर पुढचा बंपर आधी टेकतो.

हिमालयात तिन्हींना एकच अडचण: हवा विरळ. साधारण तीन हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या पाऊणपट उरते, त्यामुळे इंजिनाची ताकद पाव हिश्शाने कमी होते. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल तेवढंच येतं आणि हवा कमी, म्हणून धूर काळा होतो आणि प्लग काळवंडतात. सिल्व्हर शॅडो कार्ब्युरेटरवाली आहे. तिथे गाडी खोकत चालली असेल तर अभिनयाची गरज नव्हती.

१२. ज्यांना हा भाग आवडला त्यांचं म्हणणं काय?

पुष्कळ भारतीयांनाही तो आवडला, हे विसरलं जातं. त्यांचं म्हणणं साधारण असं: मूर्ख ठरतात ते तिघे गोरे. त्यांच्या गाड्या अडकतात, त्यांचा माल विकला जात नाही आणि भारतीय माणूस शांतपणे बाजूला उभा राहून गंमत पाहतो. भारतीय रस्त्यावरची शिस्तबद्ध बेशिस्त त्यात बरी पकडली आहे, असंही लोक सांगतात. शेवटाकडची डोंगरातली दृश्यं तर टीका करणाऱ्यांनीही नावाजली.

आमचं मत विचारतात म्हणून: डबेवाल्यांचा भाग उत्तम, रेल्वेचा फलक शाळकरी, पँटचा प्रसंग लांबलेला. कमोडचा विनोद एकदा सांगून सोडला असता तर एवढं रामायण झालं नसतं. तो पुन्हा पुन्हा सांगितला.

१३. प्रेक्षकसंख्या आणि प्रेक्षकांचं मत एकच का?

नाही. ब्रिटनमध्ये दोन वेगळी मापं आहेत.

बार्ब ही संस्था किती लोकांनी पाहिलं ते मोजते. त्या काळात सुमारे ५,१०० घरांत यंत्रं बसवलेली होती आणि त्यावरून देशाचा अंदाज काढला जाई. म्हणजे एक घर साधारण पाच हजार घरांच्या वतीने बोलतं. आकडेही दोन: रात्रीत येणारा कच्चा, आणि सात दिवसांत रेकॉर्ड करून पाहिलेल्यांसह पक्का. दोन बातम्यांतले आकडे जुळत नाहीत ते बहुधा यामुळे.

आवडलं की नाही हे मोजतो तो पसंती निर्देशांक. ठरावीक प्रेक्षक दहापैकी गुण देतात, सरासरीला दहाने गुणलं की शंभरपैकी आकडा मिळतो. इथे गफलत अशी की गुण देतात फक्त पाहणारे. ज्याने वैतागून वाहिनी बदलली तो मोजणीतच नाही. म्हणून वादग्रस्त कार्यक्रमाचाही निर्देशांक चांगला येऊ शकतो.

आपल्याकडचं बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचं मोजमाप २०१५ पासूनचं. त्याआधीच्या टॅम या संस्थेच्या आकड्यांशी त्याची तुलना करू नका.

१४. संकेतस्थळावर या भागाला चांगले गुण आहेत. मग वाद कशाला?

तिथे गुण देणारे बहुतांश कार्यक्रमाचे चाहते असतात. प्रश्न १३ मधलीच गफलत, आणखी मोठी.

१५. मी पाहिलं त्यात काही प्रसंग नव्हतेच. कापले का?

परदेशी वाहिन्यांसाठी ‘टॉप गिअर’चे भाग जाहिरातींना जागा करण्यासाठी छोटे केले जात. दीड तासातून दहा-वीस मिनिटं गेली की एखादा अख्खा प्रसंग जातो. डीव्हीडी आणि ऑनलाइन प्रतींत हक्कांच्या अडचणीमुळे पार्श्वसंगीतही बदललेलं असतं आणि त्याने प्रसंगाचा सूर बदलतो. मत मांडण्याआधी आपली प्रत किती मिनिटांची आहे ते पाहा. नव्वदच्या आसपास नसेल तर समोरचा माणूस वेगळ्याच भागाबद्दल बोलतोय असं समजा.

१६. मी लंडनमध्ये राहतो. आता तक्रार करता येईल का?

२०११ च्या प्रसारणाबद्दल मुदत कधीच संपली. नव्या प्रसारणाबद्दल करायची तर आधी बीबीसीकडेच, प्रसारणापासून कामकाजाच्या ३० दिवसांत. उत्तर साधारण १० कामकाजी दिवसांत येतं. समाधान झालं नाही तर पुन्हा लिहायचं, मग त्यांच्या संपादकीय तक्रार विभागाकडे, आणि शेवटी ऑफकॉम. बीबीसीला वळसा घालून थेट ऑफकॉमकडे गेलात तर परत पाठवतील. हा क्रम एप्रिल २०१७ पासूनचा आहे. २०११ मध्ये अपमानकारक मजकुराबद्दल ऑफकॉमकडे थेट जाता येत होतं आणि निःपक्षपातीपणाचे विषय तेव्हा बीबीसीवर देखरेख करणाऱ्या बीबीसी ट्रस्टकडे असत.

१७. महाराष्ट्रात बसून भारतीय वाहिनीवरच्या अशा कार्यक्रमाची तक्रार कशी करायची?

२०२१ च्या केबल टीव्ही नियमांनुसार तीन पायऱ्या आहेत. आधी वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे: २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय मिळायला हवा. पटलं नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वयंनियमन संस्थेकडे जायचं. मनोरंजन वाहिन्यांसाठी ती बीसीसीसी (ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल). त्यांना ६० दिवसांची मुदत असते. तिथेही पटलं नाही तर १५ दिवसांत माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे अपील.

वाहिन्यांनी ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस ठेवायचं असतं, त्यामुळे तीन महिन्यांनी जाग आली तर पुरावाच नसतो. पहिल्या आठवड्यात लिहा.

तक्रारीत हवं ते एवढंच: वाहिनीचं नाव, तारीख, वेळ, प्रसंग कितव्या मिनिटाला आला, नेमके शब्द काय होते आणि तुमच्या मते कोणता नियम मोडला. ‘हा कार्यक्रम हिंदुस्थानचा घोर अपमान आहे, त्वरित बंदी घाला’ असं पत्र फायलीत जातं. ‘रात्री ९ वाजून ४२ मिनिटांनी अमुक समाजाबद्दल हा शब्द वापरला’ या पत्राला उत्तर द्यावं लागतं. दोनशे जणांनी एकच मजकूर पाठवण्यापेक्षा एक नेमकं पत्र बरं. का, ते प्रश्न ९ मध्ये.

१८. तोच भाग ओटीटीवर पाहिला असेल तर?

तिथे केबल टीव्हीचे नियम लागू नाहीत, माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ लागू होतात. पायऱ्या तशाच तीन, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क त्या सेवेच्या संकेतस्थळावर असायलाच हवा. कोणी तरी मोबाइलवर पाठवलेल्या चोरट्या प्रतीबद्दल मात्र या पायऱ्यांनी तक्रार चालत नाही, कारण ती कोणी प्रसारितच केलेली नसते.

१९. मुलांबरोबर पाहावा का?

गाड्या, रेल्वे आणि डोंगर पाहून मुलं खूश होतील. फलकाच्या प्रसंगाला मात्र रोमन लिपी वाचता येणारं मूल ‘म्हणजे काय?’ असं विचारणार, याची तयारी ठेवा.